भरवसा आणि वाट: इंग्रजीतून सांगण्याची कृती

माझ्या संध्याकाळच्या वर्गात येणाऱ्या एका तरुणाने त्याच्या कारखान्यात आलेल्या इंग्लंडच्या इंजिनिअरला सत्यनारायणाच्या पूजेचे बोलावणे पाठवले. मनात मराठी वाक्य होते, ‘आपण उपस्थित राहाल अशी अपेक्षा आहे.’ कागदावर उतरले ते ‘वी एक्स्पेक्ट यू टू बी प्रेझेंट.’ पाहुणे जरा गोंधळून विचारायला आले, की येणे सक्तीचे आहे का? व्याकरणाची एकही चूक नव्हती. पण मराठी बोलावण्यातली ‘अपेक्षा’ हात जोडून उभी असते आणि इंग्रजीतले ‘वी एक्स्पेक्ट यू टू’ वरच्या खुर्चीवरून बोलते.

तेव्हापासून भरवसा आणि अपेक्षा सांगणारी इंग्रजी क्रियापदे यादी करून पाठ करायला देणे मी थांबवले आणि एक कृती ठरवली. तिचे सार असे: आपण समोरच्यावर किती भार टाकतो आहोत ते आधी मराठीत ठरवा, मग तेवढाच भार पेलणारे इंग्रजी क्रियापद उचला.

ही बहुतेक क्रियापदे दोन-तीन शब्दांची असतात. ‘काउंट’ म्हणजे मोजणे, पण ‘काउंट ऑन’ म्हणजे भरवसा धरणे. ‘लुक’ म्हणजे पाहणे, पण ‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे आनंदाने वाट पाहणे. अशा जोडक्रियापदांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ च्या ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या पुस्तकात हे नाव वापरले आणि ते ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे नोंदवले. काटेकोर व्याकरणकार ‘काउंट ऑन’ आणि ‘लेट डाउन’ यांना वेगळ्या खणांत ठेवतात. तो फरक पाचव्या पायरीत उपयोगी पडेल. तोवर सगळ्यांना जोडक्रियापदेच म्हणू.

ही रचना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. ‘वाट पाहणे’, ‘वाट लावणे’ आणि ‘वाट धरणे’ यांत ‘वाट’ तीच आहे, पण शेजारचा शब्द बदलला की अर्थ कुठच्या कुठे जातो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे जितके अवघड, तितकेच आपल्याला ‘काउंट ऑन’ आणि ‘काउंट इन’. आपण जसे ‘वाट पाहणे’ हा एकच शब्द असल्यासारखा शिकलो, तशीच ही जोडीही अख्खी शिकायची.

साहित्य

एक दोनशे पानी वही. पेन्सिल आणि दोन रंगांची पेने. शिकणाऱ्यांसाठी लिहिलेला एक इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश, छापील किंवा मोबाइलवरचा. ए. एस. हॉर्नबी यांचा असा शब्दकोश १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने तो छापला. क्रियापदापुढे काय येते याचा साचा दाखवणे हे त्याचे वैशिष्ट्य होते आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. मोबाइलमध्ये आवाज ध्वनिमुद्रित करण्याची सोय असावी. रोज वीस मिनिटे, असे पंधरा दिवस.

या लेखात इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती आधी जिभेवर बसतील. वहीत मात्र ती रोमन लिपीत उतरवा आणि स्पेलिंग शब्दकोशातून पडताळून घ्या. या पडताळणीतच निम्मा अभ्यास होतो.

पायरी १: आधी मराठी वाक्य, मग दोन ढीग

गेल्या आठवड्यात तुम्ही खरोखर बोललेली किंवा ऐकलेली दहा मराठी वाक्ये लिहा. ‘दादा आहे म्हणून निर्धास्त आहे.’ ‘पाऊस वेळेवर येईल असे धरून चाललोय.’ ‘मुलगी दिवाळीला येणार, डोळे लावून बसलोय.’ ‘त्याने ऐनवेळी तोंडघशी पाडले.’ पुस्तकातली वाक्ये घेऊ नका. स्वतःच्या आयुष्यातले वाक्य असले की त्यातला भार तुम्हाला आधीच ठाऊक असतो.

आता त्यांचे दोन ढीग करा. पहिला भरवशाचा: कोणावर तरी, कशावर तरी आपण टेकलो आहोत. दुसरा वाटेचा: काहीतरी घडेल म्हणून आपण पुढे पाहत आहोत. तोंडघशी पाडणाऱ्याचे वाक्य बाजूला ठेवा, ते सहाव्या पायरीत लागेल.

हे ढीग मनाने पाडलेले नाहीत, दोन्ही भाषांच्या पोटात ते आहेत. ‘अवलंबून’ या शब्दात ‘लंब्’ म्हणजे लोंबणे आहे. इंग्रजी ‘डिपेंड’चा मूळ लॅटिन अर्थही खाली लोंबणे हाच. ‘अपेक्षा’ आणि ‘प्रतीक्षा’ या दोन्हींत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे आहे. इंग्रजी ‘एक्स्पेक्ट’ ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचाही अर्थ बाहेर नजर लावून पाहणे. आपण वाट ‘पाहतो’, इंग्रज पुढे ‘लुक’ करतो. भरवसा म्हणजे टेकणे, लोंबणे. अपेक्षा म्हणजे पाहणे. ही दोन चित्रे वहीच्या पहिल्या पानावर काढा: एक दोरीला धरलेला माणूस, एक उंबऱ्यावरून रस्त्याकडे पाहणारा.

पायरी २: भरवशाचा भार मोजा

पहिल्या ढिगातले वाक्य घ्या आणि स्वतःला विचारा, हा माणूस बाजूला झाला तर माझे काय होईल? उत्तरावरून क्रियापद ठरते.

‘ट्रस्ट’: माणसाच्या सचोटीवर विश्वास. याच्यापुढे माणूस थेट येतो, मध्ये काही नाही. ‘आय ट्रस्ट हर.’ मराठीत आपण तिच्या‘वर’ विश्वास ठेवतो म्हणून ‘ट्रस्ट ऑन हर’ तोंडात येते. तो ‘ऑन’ काढून टाका. वस्तू किंवा जबाबदारी सोपवायची असेल तर ‘विथ’ घ्या: ‘आय ट्रस्ट हर विथ द कीज’, म्हणजे किल्ल्या तिच्या हाती द्यायला मी निर्धास्त आहे. ‘ट्रस्ट इन’ देव, नशीब, तत्त्व अशा मोठ्या गोष्टींसाठी राखून ठेवा.

‘बिलीव्ह’ आणि ‘बिलीव्ह इन’: यांतला फरक आयुष्यात फार उपयोगी पडतो. ‘आय बिलीव्ह यू’ म्हणजे तू सांगतोस ते मला खरे वाटते. ‘आय बिलीव्ह इन यू’ म्हणजे तुझ्या अंगच्या गुणांवर माझा विश्वास आहे, तू करून दाखवशील. परीक्षेला निघालेल्या मुलाला दुसरे म्हणायचे. उशिरा आलेल्या मुलाचे कारण पटले तर पहिले.

‘रिलाय ऑन’: अनुभवाने पक्का झालेला भरवसा. रोज वेळेवर येणारी बस, कधी चूक न करणारा हिशेबनीस, वर्षानुवर्षे चालणारे यंत्र. मराठीत ‘विसंबणे’ याच्या अगदी जवळ आहे. ‘वी रिलाय ऑन द सिक्स ओ’क्लॉक बस.’

‘डिपेंड ऑन’: इथे भरवशात गरज मिसळलेली असते. हे नसेल तर आपले चालणार नाही. ‘माय पेरेंट्स डिपेंड ऑन मी’ यात आई-वडिलांचा विश्वास आहेच, पण त्यांचा उदरनिर्वाहही आहे. याच क्रियापदाचा दुसरा उपयोग अटीसाठी: ‘इट डिपेंड्स ऑन द रेन’, ते पावसावर आहे. तिथे भरवशाचा संबंध नाही. मराठीतला ‘अवलंबून’ही दोन्हीकडे तसाच चालतो, म्हणून ही जोडी आपल्याला सोपी जाते.

‘काउंट ऑन’: हिशेबात धरणे. जमाखर्चाच्या वहीत रक्कम जमेस धरावी तसे माणसाला जमेस धरणे. एखाद्या ठरावीक प्रसंगी तो येईल, करील, उभा राहील, अशी खात्री. ‘यू कॅन काउंट ऑन मी’ म्हणजे मला जमेस धरा, मी आहे. हे म्हणणे म्हणजे शब्द देणे. नुसते बरे वाटावे म्हणून हे वाक्य वापरू नका. ऐकणारा खरोखर मोजून ठेवतो.

‘बँक ऑन’: यात सगळी भिस्त एकाच गोष्टीवर असते. हे बरेचदा धोक्याच्या सुरात येते. ‘आय वॉज बँकिंग ऑन दॅट लोन’, माझी सारी मदार त्या कर्जावर होती. ऐकणाऱ्याला लगेच वाटते, की कर्ज मिळालेले दिसत नाही. ‘डोन्ट बँक ऑन इट’ म्हणजे त्याच्या भरवशावर राहू नकोस.

या मुख्य शिडीला लागून काही छोट्या पायऱ्या आहेत. ‘लीन ऑन’: दुःखात, अडचणीत कोणाच्या खांद्यावर टेकणे, पण प्रसंग वेगळा असेल तर याचाच अर्थ दबाव आणणे असाही होतो, म्हणून कचेरीच्या पत्रात टाळा. ‘टर्न टू’: मदतीसाठी कोणाकडे धाव घेणे. ‘फॉल बॅक ऑन’: बाकी सगळे फसले तर गाठीशी असलेला आधार. ‘वी हॅव सम सेव्हिंग्ज टू फॉल बॅक ऑन’, गाठीला चार पैसे आहेत. ‘स्वेअर बाय’: स्वतःच्या अनुभवाने एखाद्या गोष्टीच्या गुणाची पक्की खात्री असणे. आजीचा सुंठीच्या काढ्यावर असतो तो विश्वास इंग्रजीत असा सांगतात: ‘माय ग्रँडमदर स्वेअर्स बाय इट.’

पायरी ३: वाटेचा ढीग: आशा, अंदाज, प्रतीक्षा, ओढ

मराठीत ‘अपेक्षा’ हा एक शब्द आपण चार ठिकाणी वापरतो. इंग्रजीत ती चार ठिकाणे वेगळी आहेत आणि बहुतेक गैरसमज इथेच होतात.

आशा: व्हावे असे वाटते, होईल याची खात्री नाही. नामापुढे ‘होप फॉर’: ‘वी आर होपिंग फॉर गुड रेन.’ क्रियेपुढे ‘होप टू’: ‘आय होप टू पास.’ पूर्ण वाक्यापुढे ‘होप दॅट’. एकाच गोष्टीवर सारी आशा लावून बसणे म्हणजे ‘पिन युअर होप्स ऑन’.

अंदाज: होणार असे वाटते, मग ते हवे असो वा नसो. ‘एक्स्पेक्ट.’ ‘वी आर एक्स्पेक्टिंग गेस्ट्स’, पाहुणे येणार आहेत. ‘शी इज एक्स्पेक्टिंग’ एवढेच म्हटले तर ती गरोदर आहे असा अर्थ होतो, हे लक्षात ठेवा. आणि ‘आय एक्स्पेक्ट यू टू’ असे माणसाला धरून म्हटले, की तो वरिष्ठाचा किंवा पालकाचा आदेश होतो. विनंती करायची असेल तिथे हे वाक्य घेऊच नका.

प्रतीक्षा: ती वेळ येईपर्यंत थांबणे. ‘वेट फॉर.’ ‘फॉर’ सुटता कामा नये. ‘आय ॲम वेटिंग यू’ ही आपल्याकडची फार पसरलेली चूक आहे. शिवाय ‘वेट फॉर’मध्ये थांबून राहिल्याचा, कधी अधीरतेचाही भाव असतो. कोकणात घरगुती निवास चालवणाऱ्या एका काकूंनी महिन्याभराने येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना ‘वी आर वेटिंग फॉर यू’ असे लिहिले होते. त्यांच्या मनात आपुलकी होती. वाचणाऱ्याला मात्र आपल्याला उशीर झाला की काय असे वाटू शकते. त्यांना हवे होते ते पुढचे क्रियापद.

ओढ: येणार हे ठरलेले आहे आणि त्याचा आनंद आत्तापासूनच आहे. ‘लुक फॉरवर्ड टू.’ ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू युअर व्हिजिट.’ यात मराठी ‘डोळे लावून बसणे’ आहे, पण त्यातली काळजी नाही. दुःखाच्या किंवा नको असलेल्या गोष्टीसाठी हे कधीच वापरत नाहीत. ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर तिथे ‘वेट फॉर’ योग्य.

आणखी दोन उपयोगी जोड्या. ‘प्लॅन ऑन’: होईल असे धरून बेत आखणे. ‘वी प्लॅन्ड ऑन ट्वेंटी गेस्ट्स.’ ‘बार्गेन फॉर’: धरले होते तेवढे. हे बहुधा नकारात किंवा तुलनेत येते: ‘इट वॉज मोर दॅन आय बार्गेन्ड फॉर’, एवढे होईल असे धरले नव्हते.

पायरी ४: ‘टू’ची परीक्षा घ्या

नोकरीच्या अर्जात सर्वांत जास्त चुकणारे वाक्य म्हणजे ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. बरोबर वाक्य ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. नियम पाठ करण्यापेक्षा परीक्षा शिका. ‘टू’च्या पुढे एखादे नाम ठेवून पाहा. ‘लुक फॉरवर्ड टू द फेस्टिव्हल’: वाक्य उभे राहिले. म्हणजे हा ‘टू’ मराठीतल्या ‘कडे’सारखा शब्दयोगी आहे, त्याच्यापुढे नामच लागते, क्रिया आली तर तिला ‘इंग’ लावून नाम करून घ्यावे लागते. ‘होप टू द फेस्टिव्हल’ म्हणून पाहा: वाक्य कोसळते. म्हणजे तिथला ‘टू’ वेगळा, त्याच्यापुढे साधे क्रियापद चालते.

भरवशाच्या ढिगातला साचा निराळा आहे आणि तो फार कामाचा आहे: क्रियापद, ‘ऑन’, माणूस, ‘टू’, काम. ‘यू कॅन रिलाय ऑन हिम टू फिनिश इट.’ ‘वी आर काउंटिंग ऑन यू टू ओपन द ऑफिस.’ कोणावर आणि कशासाठी, दोन्ही एका दमात सांगता येतात. या साच्यात रोज तीन वाक्ये करा.

पत्राच्या शेवटी ‘आय लुक फॉरवर्ड टू’ असे साधे रूप औपचारिक वाटते. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू’ जरा मोकळे, जवळिकीचे. अनोळखी कार्यालयाला पहिले, ओळखीच्या सहकाऱ्याला दुसरे.

पायरी ५: शब्दाची जागा आणि जोर

वहीत दोन रकाने पाडा. पहिल्या रकान्यात न तुटणाऱ्या जोड्या: काउंट ऑन, रिलाय ऑन, डिपेंड ऑन, बँक ऑन, होप फॉर, वेट फॉर, लुक फॉरवर्ड टू. यांच्या मध्ये माणूस येत नाही. ‘काउंट ऑन मी’ बरोबर, ‘काउंट मी ऑन’ चूक.

दुसऱ्या रकान्यात तुटणाऱ्या जोड्या: लेट डाउन, काउंट इन, काउंट आउट. इथे ‘मी, हिम, हर’ असे सर्वनाम मध्येच यायला हवे. ‘डोन्ट लेट मी डाउन.’ ‘काउंट मी इन’ म्हणजे मलाही धरा, मी येतोय. ‘काउंट मी आउट’ म्हणजे मला धरू नका. सहलीची वर्गणी गोळा होत असताना आपण ‘मला धर हं’ म्हणतो, अगदी तेच. चांगल्या शब्दकोशात जोडीच्या मधोमध माणसाची जागा दाखवलेली असते, ती पाहूनच रकाना ठरवा.

कानालाही हे रकाने कळतात. पहिल्या रकान्यातल्या ऑन, फॉर जोड्यांत जोर क्रियापदावर असतो आणि मागचा शब्द हलका उच्चारतात: ‘काउंट’ ठळक, ‘ऑन’ ओझरता. ‘लुक फॉरवर्ड टू’मध्ये जोर ‘फॉरवर्ड’च्या पहिल्या अक्षरावर आणि ‘टू’ हलका. दुसऱ्या रकान्यात जोर शेवटच्या शब्दावर जातो: ‘लेट मी डाउन’ म्हणताना ‘डाउन’ ठळक. प्रत्येक वाक्य मोबाइलवर स्वतःच्या आवाजात मुद्रित करा आणि शब्दकोशातल्या उच्चाराशी ताडून पाहा. सगळ्या शब्दांवर सारखा जोर देण्याची आपली सवय इथे सुटू लागते.

एक जागा जपायची. ‘ज्याच्यावर भरवसा ठेवता येईल असा माणूस’ हे इंग्रजीत ‘समवन आय कॅन काउंट ऑन’ असे होते. शेवटचा ‘ऑन’ एकटा लोंबकळतो म्हणून आपण तो गाळतो. तो गाळला तर अर्थ ‘ज्याला मी मोजू शकतो’ एवढाच उरतो.

पायरी ६: भरवसा टिकला की तुटला

भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, आणि तेव्हा काय बोलायचे हे ठाऊक नसले तर माणूस गप्प बसतो किंवा नको तितके जहाल बोलतो. आपल्याकडे दोन्ही फार घडते. कोणी ऐनवेळी आले नाही, तर ‘ही चीटेड मी’ असे सहज म्हटले जाते. ‘चीट’ म्हणजे फसवणूक, लबाडी. तो आरोप आहे. न येण्याला इंग्रजीत ‘ही लेट मी डाउन’ म्हणतात: त्याने माझा भरवसा फोल ठरवला, पण मी त्याला लबाड म्हणत नाही. या एका फरकाने नाते तुटण्यापासून वाचते.

आणखी जोड्या अशा. ‘बॅक आउट’: ठरलेल्या गोष्टीतून अंग काढून घेणे. ‘गो बॅक ऑन’: दिलेला शब्द फिरवणे, ‘ही वेंट बॅक ऑन हिज वर्ड.’ ‘फॉल थ्रू’: बेत, सौदा, लग्नाची बोलणी फिसकटणे, हे माणसाबद्दल वापरत नाहीत, ‘द डील फेल थ्रू’ म्हणतात. दोष कोणाचा नसताना हे वाक्य फार सभ्य आहे.

आणि टिकलेल्या भरवशासाठी: ‘कम थ्रू’, अडचणीत शब्दाला जागणे, ‘शी केम थ्रू फॉर अस.’ ‘स्टँड बाय’, वाईट काळात पाठीशी उभे राहणे. ‘लिव्ह अप टू’, अपेक्षेला उतरणे. ‘द फूड लिव्ह्ड अप टू अवर एक्स्पेक्टेशन्स.’ इथे आपले दोन्ही ढीग एकत्र येतात: पाहिलेली वाट आणि टाकलेला भार, दोन्ही खरे ठरले.

मुलांना शिकवत असाल तर या पायरीला दोन दिवस जास्त द्या. आभार मानायला ‘थँक यू’ सगळ्यांना येते. ‘यू केम थ्रू फॉर मी’ म्हणणारा नेमके काय मिळाले ते सांगतो.

पायरी ७: नाते पाहून वाक्य निवडा

आता क्रियापद हातात आहे. ते समोरच्या माणसाला शोभते का, एवढे पाहायचे राहिले.

बरोबरीच्या मित्राला ‘आय ॲम काउंटिंग ऑन यू’ चालते. नव्या ओळखीच्या माणसाला तेच वाक्य ओझे वाटेल, कारण त्याने शब्द दिलेलाच नसताना आपण त्याला जमेस धरले. त्याला ‘आय होप यू कॅन हेल्प’ लिहा. वरिष्ठांना काम मागताना ‘आय एक्स्पेक्ट युअर रिप्लाय’ नको. ‘आय लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ हवे. ग्राहकाला वचन देताना ‘यू कॅन रिलाय ऑन अस’ शोभते, कारण त्यात मागच्या कामाची साक्ष असते. आजारी मैत्रिणीला ‘लीन ऑन मी’ म्हणा; ‘डिपेंड ऑन मी’ म्हटले तर ती परावलंबी झाल्यासारखे वाटू शकते.

नकारही सौम्यपणे देता आला पाहिजे. ‘डोन्ट काउंट ऑन इट’ ठीक मित्रांत. कामाच्या ठिकाणी ‘आय वुडन्ट काउंट ऑन इट’ म्हणा. ‘वुडन्ट’ने धार बोथट होते, जसे आपण ‘धरू नकोस’ऐवजी ‘धरून चालू नये असे मला वाटते’ म्हणतो.

पायरी ८: पंधरा दिवसांचा सराव

दिवस १ ते ३: मराठी वाक्ये, दोन ढीग, दोन चित्रे. इंग्रजी अजून लिहू नका.

दिवस ४ ते ६: भरवशाची शिडी. रोज दोन क्रियापदे, प्रत्येकाची स्वतःच्या घरातली तीन वाक्ये. घरातल्या माणसांची नावे घालून लिहा. ‘ए बॉय’, ‘ए मॅन’ असे कोणीच नको.

दिवस ७ ते ९: वाटेची चार ठिकाणे. एकच प्रसंग, समजा मावशीचे येणे, चारही क्रियापदांत मांडा: यावी अशी आशा, येणार असा अंदाज, स्टेशनवर थांबणे, येण्याची ओढ. चार वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की फरक आपोआप दिसतो.

दिवस १० ते १२: जागा, जोर आणि ध्वनिमुद्रण. रोज पाच वाक्ये मोठ्याने, उभे राहून.

दिवस १३ ते १५: तीन खरी पत्रे किंवा संदेश लिहा. एक मित्राला, एक कार्यालयाला, एक अशा माणसाला ज्याने कधीतरी तुमचा भरवसा राखला. तिसरे पत्र खरोखर पाठवा.

ताळा

पंधराव्या दिवशी वही उघडा आणि प्रत्येक वाक्याचा ताळा घ्या. ‘ट्रस्ट’नंतर ‘ऑन’ राहिला आहे का? काढा. ‘वेट’नंतर ‘फॉर’ सुटला आहे का? घाला. ‘लुक फॉरवर्ड टू’नंतरच्या क्रियेला ‘इंग’ आहे का? ‘लेट डाउन मी’ असे कुठे झाले आहे का? ‘मी’ मध्ये घ्या. ‘बिलीव्ह ऑन’ असे लिहिले आहे का? ते ‘बिलीव्ह इन’ करा. विनंतीच्या पत्रात ‘एक्स्पेक्ट यू टू’ आहे का? ते वाक्यच नव्याने लिहा. ‘डिपेंड अपॉन’ दिसले तर खोडू नका. ते बरोबर आहे, फक्त जरा जुन्या, औपचारिक वळणाचे.

आपल्या आधीच्या अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठीतून इंग्रजीकडे जाण्याचा तो रस्ता आजही चांगला आहे, फक्त पलीकडे न्यायचा तो शब्द नव्हे, भार. त्या तरुणाने हेच केले. पुढच्या वर्षी पूजेच्या वेळी त्याच कारखान्यात दुसरे पाहुणे होते. त्याने वहीत आधी मराठीत लिहिले, ‘तुम्ही आलात तर आम्हाला आनंद होईल, सक्ती नाही.’ शेजारी शिडी पाहिली, ढीग पाहिला आणि खाली लिहिले, ‘वी होप यू कॅन जॉइन अस.’ पाहुणे आले, प्रसाद घेतला आणि निघताना म्हणाले, ‘आय वॉज लुकिंग फॉरवर्ड टू धिस.’ दुसऱ्या दिवशी वर्गात आल्यावर त्याने फळ्यावर ते वाक्य लिहिले आणि ‘टू’च्या पुढे नामाच्या जागी सर्वनाम आहे हे सगळ्यांना बोटाने दाखवले.